चुकलेल्या दिवाळ्या : पुण्यातल्या एका पुस्तक दुकानाने जुन्या गिऱ्हाइकांना पुन्हा कसं लिहिलं

पार्श्वभूमी

हे दुकान पुण्याच्या मध्यवस्तीत, अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर आहे. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. दुकान काकांनी सुरू केलं. आता त्यांची मुलगी ते चालवते आणि काका संध्याकाळी गल्ल्यावर बसतात. दुकानात सगळे तिला ताई म्हणतात, मीही म्हणतो. छोट्या व्यापाऱ्यांच्या ईमेलची घडी बसवून देणं हे माझं काम आहे.

दुकानात शालेय पुस्तकंही मिळतात, पण त्याचा कणा म्हणजे दिवाळी अंकांचे घरपोच संच. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी घरांत फराळाच्या ताटाशेजारी अंक असतोच. काकांनी हीच सवय हेरली होती. सप्टेंबरात नोंदणी घ्यायची, पाच किंवा सात अंक निवडून घ्यायचे आणि वसुबारसेच्या आत पार्सल दारात पोचवायचं. पंचवीसेक वर्षं हे चालू आहे. आधी नोंदणी वहीत व्हायची, मग फोनवर आणि २०१४ पासून ईमेलवर. बाहेरगावची आणि परदेशातली मुलं पुण्यातल्या आई-वडिलांसाठी नोंदणी करायची, त्यामुळे ईमेलच सोयीचा पडला.

यादीत एकूण चार हजारांच्या आसपास पत्ते होते. त्यातल्या जेमतेम आठशे जणांनी २०२४ च्या दिवाळीत काही घेतलं होतं.

अडचण

ताईने मला पहिल्यांदा फोन केला तो मे २०२५ मध्ये. म्हणाली, “गिऱ्हाईक तुटलंय, काहीतरी कर.” मी गेल्या दिवाळीबद्दल विचारलं, तेव्हा खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी सगळ्या चार हजार पत्त्यांवर एकच जाहिरात पाठवायची ठरवली होती. तीही दुकानाच्या फुकटच्या जीमेल खात्यावरून, पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यात चिकटवून. असं खातं दिवसाला पाचशे जणांनाच पाठवू देतं. पहिल्या दिवशी खातं अडलं. दुसऱ्या दिवशी सुटलं, पुन्हा अडलं. दुकानातल्या मुलांनी चिकाटीने आठवडाभर रेटून यादी संपवली. निम्मे पत्ते कित्येक वर्षांत वापरात नव्हते, काहींवरून पत्रं परत आली आणि कित्येकांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं असणार. खरं नुकसान पुढे झालं. चालू गिऱ्हाइकांच्या नोंदणीच्या पावत्या त्याच खात्यावरून जायच्या. त्याही स्पॅममध्ये पडू लागल्या. पैसे भरून पावती न मिळालेली माणसं दुकानात फोन करत राहिली, ऐन धनत्रयोदशीच्या आठवड्यात.

भरीला डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याची रजिस्टर्ड बुक पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा बंद झाली. बाहेरगावचं पार्सल महागलं. म्हणजे पुढच्या दिवाळीत पुण्यातलीच गिऱ्हाइकं परत मिळवणं जास्त गरजेचं झालं. आणि पुण्यातल्या वाचकाला आता दुसऱ्या वाटाही आहेत. २०२३ पासून दर डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, अंक घरबसल्या मोबाइलवरूनही मागवता येतात.

‘तुटलेलं’ गिऱ्हाईक कोणाला म्हणायचं

या प्रश्नावर आमची पहिली बैठक संपली, आणि मला वाटतं पुढचं सगळं तिथेच ठरलं. ईमेलने पत्रं पाठवून देणाऱ्या सगळ्या ऑनलाइन सोयींमध्ये यादी गाळायची तयार गाळणी असते : नव्वद दिवसांत काही न घेतलेले, एकशेऐंशी दिवसांत न घेतलेले. किराणा दुकानाला ती चालेल. इथे गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं. अकरा महिने गप्प असलेला माणूस तुटलेला नसतो, तो दिवाळीची वाट बघत असतो. म्हणून आम्ही मोजणी दिवसांत न करता दिवाळ्यांत केली.

एक दिवाळी चुकलेले, म्हणजे २०२३ ला घेतलेलं पण २०२४ ला नाही, असे सहाशे निघाले. दोन-तीन दिवाळ्या चुकलेले नऊशे. त्याहून जुने आठशे. उरलेल्यांत दुहेरी नोंदी होत्या, स्पेलिंग चुकलेले पत्ते होते आणि बाकीचे बहुतेक पत्ते पुस्तक प्रदर्शनांत ठेवलेल्या वहीतून उतरवलेले होते.

त्या वहीवरून वाद झाला. काकांचं म्हणणं, “पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय ना?” लिहिला होता, पण अभिप्राय म्हणून. पत्रं पाठवा, असं कोणी म्हटलं नव्हतं आणि त्यातल्या बहुतेकांनी दुकानातून कधी काही घेतलेलंही नव्हतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे आणि त्याचा रोख संमतीवर आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जो आपला कधी नव्हताच त्याला परत कसं बोलावणार? वहीतले पत्ते काढून टाकले. काकांना ते जड गेलं. वहीतल्या अक्षरांवरून त्यांना काही माणसं आठवत होती.

समोरचे पर्याय

व्हॉट्सॲप सगळ्यांच्या तोंडी होतं. पण त्यातली ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांपुरती असते आणि ज्यांनी आपला नंबर जपून ठेवलाय त्यांनाच संदेश पोचतो. चार वर्षांपूर्वी तुटलेल्या माणसाच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर असेलच असं नाही. शिवाय परदेशातल्या मुलांचे नंबर बदलले होते, ईमेल मात्र तेच होते.

फोन करायला माणसं नव्हती. जून-जुलैत दुकानात शाळेच्या पुस्तकांची गर्दी असते.

सवलतीचा पर्याय ताईला पटत होता. मला पटला नाही. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पुस्तकावर सवलत ही बातमीच नाही, ती मागितली की मिळते. दिवाळी अंकावर विक्रेत्याला सुटणारं कमिशन ठरावीक, त्यातून किती देणार? आणि मुख्य म्हणजे माणसं का गेली हेच ठाऊक नव्हतं. कारण कळायच्या आधी किंमत कमी केली, तर ती कुठल्या दुखण्यावरची गोळी ठरणार?

उरलं ईमेल. तेही एकदम की हळूहळू, हा प्रश्न होताच. ताईला सप्टेंबरात एकच जोरदार मोहीम हवी होती. मी जूनपासून थोडी थोडी पत्रं पाठवायची म्हणत होतो. माझ्या बाजूने दोन कारणं होती. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले आहेत. स्पॅमच्या तक्रारी हजारात एकाच्या आत ठेवा असं ते सांगतात आणि हजारात तीनपर्यंत जाऊच नका असं बजावतात. तीनशे पत्रांत एक वैतागलेला माणूस निघाला की ही रेघ ओलांडली जाते. दुसरं कारण साधं होतं. सगळ्यांना एकदम विचारलं आणि दोनशे उत्तरं आली, तर ती वाचणार कोण? उत्तरं वाचायचीच नसतील, तर पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता.

काय केलं

आधी घर आवरलं. दुकानाचं स्वतःचं डोमेन, म्हणजे दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, होतं, पण ते वापरात नव्हतं. त्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी केल्या. पत्र खरोखर याच दुकानातून निघालं आहे हे त्यांवरून समोरच्या मेलसेवेला ताडून पाहता येतं. पावत्या मुख्य डोमेनवरून आणि जुन्या गिऱ्हाइकांची पत्रं त्याच्याच पोटातल्या वेगळ्या उपडोमेनवरून, अशी फारकत केली. पत्रांचं काही बिघडलं तर पावत्यांना झळ कमी लागावी, एवढाच हेतू. पत्र नको असेल तर एका क्लिकमध्ये नाव निघेल अशी सोय ठेवली.

मग पहिलं पत्र. पत्रं पाठवायच्या सोयीत तयार मजकूर होता : ‘आम्हाला तुमची आठवण येते!’ ताईने तो वाचला आणि म्हणाली, “हे माझ्या तोंडी शोभेल का?” तिने स्वतः लिहिलं. चित्र नाही, रंगीत बटणं नाहीत :

“नमस्कार. २०२३ च्या दिवाळीत तुमच्याकडे आमच्याकडून सात अंकांचा संच आला होता. गेल्या दिवाळीत तुमचं नाव आमच्या नोंदवहीत नव्हतं. आज काही विकायला लिहिलेलं नाही. आमच्याकडून काही चुकलं असेल तर ते कळावं, एवढंच. या पत्राला उत्तर दिलंत तर ते मी स्वतः वाचेन. पत्रं नको असतील तर खाली क्लिक करा, पुन्हा येणार नाहीत.”

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या आणि आम्ही सुरुवात केली. अलीकडे गप्प झालेल्यांपासून जुन्या काळापासून गप्प असलेल्यांकडे, हा क्रम ठरला होता. एक दिवाळी चुकलेल्यांपैकी पहिल्या दिवशी तीस. दोन दिवस थांबलो. मग पन्नास, मग पुन्हा पन्नास. पत्रं परत येण्याचं प्रमाण शंभरात दोनच्या खाली राहिलं तरच पुढचा टप्पा वाढवायचा. ही रेघ आमची आम्हीच आखली होती. जीमेलची पाठवणाऱ्यांसाठी जी आकडेवारीची पाटी असते, ती आमच्या एवढ्याशा संख्येला कोरीच दिसायची. म्हणून परत आलेली पत्रं, आलेली उत्तरं आणि चार नातेवाइकांच्या खात्यांत पत्र कुठे पडतं, हे आम्ही रोज हाताने पाहायचो. पत्र ‘उघडलं’ या आकड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ॲपलने २०२१ मध्ये पत्र वाचलं न वाचलं तरी ते उघडल्यासारखं दाखवणारी सोय आणली, तेव्हापासून त्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही.

उत्तरांनी काय सांगितलं

पहिल्या दोनशे पत्रांतून आलेल्या उत्तरांनी आमचा अंदाज पार उलटवला. अनेकांनी एकाच आशयाचं लिहिलं : “गेल्या वर्षी तुमचं पत्रच आलं नाही. म्हटलं, बंद केलंत की काय.” म्हणजे ही माणसं तुटलीच नव्हती. २०२४ च्या त्या घाऊक पाठवणीने दुकानाचं खातं बदनाम झालं आणि नोंदणीचं निमंत्रण त्यांच्या स्पॅममध्ये गेलं. गिऱ्हाईक गेलं म्हणून आपण वर्षभर हळहळत होतो आणि दार आपणच लावून घेतलं होतं. ताई ते वाचून बराच वेळ काही बोलली नाही.

दुसरं उत्तर कोथरूडच्या एका गृहस्थांचं. २०२१ ला परतीच्या पावसात त्यांचं पार्सल भिजून आलं होतं. त्यांनी दोनदा ईमेल केला, उत्तर आलं नाही. “आता चार वर्षांनी विचारताय, म्हणून सांगतो,” असं त्यांनी लिहिलं होतं. आम्ही जुनं खातं उघडून शोध घेतला. दोन्ही पत्रं तिथे होती, न उघडलेली. त्यांच्याबरोबर आणखी डझनभर तक्रारीही होत्या : अंक कमी, अंक दुहेरी, पत्ता चुकला.

हा पहिला मोठा निर्णयाचा क्षण. वेळापत्रकाप्रमाणे पुढच्या सोमवारी शंभर पत्रं जायची होती. ती थांबवली. आठवडाभर ताईने फक्त या तक्रारदारांना फोन केले. ज्यांचे अंक भिजले होते त्यांना त्या वर्षीचे जे अंक दुकानात शिल्लक होते ते पाठवले, नव्हते तिथे पैसे परत केले. मला घाई होती, गणपतीच्या आत दुसरा गट संपवायचा होता. थांबायचा निर्णय ताईचा आणि तोच बरोबर होता.

बाकीच्या उत्तरांत पुण्याचा बदलता नकाशा होता. पेठेतला वाडा पाडून इमारत होतेय, आम्ही तात्पुरते वाघोलीला आहोत. मुलीकडे बाणेरला आलो. डोळ्यांना झेपत नाही, ठळक अक्षरातलं काही असेल तर कळवा. या शेवटच्या प्रकारची इतकी उत्तरं आली की ताईने ठळक छपाईच्या पुस्तकांची वेगळी यादी करायला घेतली.

जिथे आमचं चुकलं

दुसरं पत्र ऑगस्टमध्ये जाणार होतं. त्यात त्या माणसाने मागच्या खेपेला घेतलेल्या अंकांची नावं आणि यंदाही ते ठेवणार आहोत, एवढी माहिती होती. पहिल्या पत्राला उत्तर देणाऱ्यांना ते जायला नको होतं. पण उत्तरं ताईच्या खात्यात यायची आणि पत्रं पाठवणाऱ्या सोयीला त्याचा पत्ताच नसायचा. हा दुवा जोडायचं काम माझं होतं. मी ते पुढे ढकललं.

एका बाईंनी पहिल्या पत्राला दोन ओळींचं उत्तर दिलं होतं : अंक यजमान मागवायचे, ते गेल्या वर्षी वारले, नाव काढून टाकावं. ताईने त्यांना सांत्वनाचं पत्र लिहिलं. नाव काढायचं राहिलं. तीन आठवड्यांनी त्यांना आपोआप दुसरं पत्र गेलं, त्यांच्या यजमानांच्या आवडीच्या सात अंकांच्या नावांसकट.

त्यांचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. त्या रागावल्या नाहीत. यादी वाचून दाखवली आणि म्हणाल्या, “यातले दोन ते माझ्यासाठी घ्यायचे.” ताईने क्षमा मागितली, मीही मागितली. त्या दिवसापासून उत्तर आलेलं प्रत्येक नाव त्याच संध्याकाळी यादीतून बाजूला काढायची जबाबदारी एका मुलाकडे दिली. वहीत नोंद, खाली सही. तांत्रिक दुवा नंतर जोडला, पण वही बंद केली नाही.

जुन्या गटापाशी थांबलो

दोन-तीन दिवाळ्या चुकलेल्यांचा गट जुलैअखेर सुरू झाला आणि धिम्या गतीने पार पडला. २७ ऑगस्टला गणपती बसले. ६ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत एकही पत्र पाठवलं नाही. पेठांतले रस्ते बंद असतात, दुकान अर्धं मिटलेलं असतं, आलेल्या उत्तराला कोण उत्तर देणार?

विसर्जनानंतर सर्वांत जुन्या आठशेंपैकी पन्नास पत्त्यांवर पहिलं पत्र टाकून पाहिलं. अकरा परत आली. कोणाचं कॉलेजचं खातं होतं, कोणाचं सोडलेल्या कंपनीचं, कोणाचं विसरलेलं रेडिफमेल. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागलं आहे, त्याचाही वाटा असणार. आणि बंद पडलेले काही पत्ते मेलसेवा सापळे म्हणून वापरतात. तिथे पत्र गेलं की पाठवणाऱ्याची पत घसरते.

हा दुसरा निर्णय. नोंदणी तोंडावर आलेली, उपडोमेनची पत आत्ता कुठे बसलेली. साडेसातशे नावं तशीच ठेवून थांबायचं की पुढे रेटायचं? काका म्हणाले, “रेटा. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तेच आहे.” ताईने विचारलं, “पावत्या पुन्हा स्पॅममध्ये गेल्या तर?” यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. थांबलो.

निकाल

सप्टेंबरच्या मध्यात दोन्ही गटांना नोंदणीचं तिसरं पत्र गेलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला चौथं, शेवटचं : यापुढे लिहू का, एवढंच विचारणारं. ज्यांनी काहीच कळवलं नाही त्यांची नावं दिवाळीनंतर काढून टाकली.

एक दिवाळी चुकलेल्या सहाशेंपैकी नव्वदच्या आसपास परत आले. दोन-तीन दिवाळ्या चुकलेल्या नऊशेंपैकी साठ. त्यातल्या बऱ्याच जणांनी संच न घेता दोन-तीन सुटे अंक घेतले. कोथरूडच्या गृहस्थांनी पाच अंकांचा संच घेतला. स्पॅममध्ये पावती गेल्याचा एकही फोन या दिवाळीत आला नाही. ताईच्या मते हाच मोठा फायदा आणि मला ते मान्य आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जुन्या खात्यातल्या तक्रारी मे महिन्यातच शोधायला हव्या होत्या, पहिलं पत्र जायच्या आधी. दोन तासांचं काम होतं. ते केलं असतं तर त्या माणसांना ‘आमचं काही चुकलं का?’ असं विचारायची वेळ आली नसती. चूक कबूल करूनच पत्र लिहिता आलं असतं.

पन्नास-शंभर नावं मुद्दाम बाजूला ठेवून त्यांना फक्त नोंदणीचं पत्र पाठवायला हवं होतं. परत आलेल्या दीडशेंपैकी किती जण आमच्या आधीच्या पत्रांमुळे आले आणि किती जण नोंदणीचं पत्र नीट पोचलं म्हणून आले असते, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. निमंत्रण न पोचलेल्यांना कदाचित तेवढंच पुरलं असतं. ही उणीव मला सगळ्यात जास्त खुपते.

सर्वांत जुन्या गटासाठी ईमेल हा मार्ग मुळातच चुकीचा होता. त्यांचे टपालाचे पत्ते दुकानात आधीपासून होते, कारण अंक तिथेच जायचे. ते काम आता सुरू झालंय. काका संध्याकाळी गल्ल्यावर बसून पोस्टकार्डं लिहितात, दिवसाला दहा, पिनकोडप्रमाणे लावून. सध्या ४११०३० चालू आहे. ज्यांचं अक्षर प्रदर्शनाच्या वहीत ओळखीचं वाटलं होतं, त्यांतली तीन नावं या नोंदींतही सापडली. ती कार्डं त्यांनी सर्वांत आधी लिहिली.